शिवणीत गेलेलं मैदान

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाळूवर कबड्डीच्या मैदानाची पट्टी अंथरणं. गुरुवारची संध्याकाळ होती. ओमानमधल्या बरक्याचा किनारा. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती समुद्राच्या बाजूला, मी रस्त्याच्या बाजूला. हे काम आम्ही दर गुरुवारी करत आलो होतो, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी वेगळं एवढंच की आमचं भांडण चालू होतं, आणि वारा असल्यामुळं ते ओरडून करावं लागत होतं.

“ओढा की जरा. जेवला नाहीत का?”

“तू रांधलेलंच जेवलोय, म्हणून जोर नाही.”

ती हसली नाही. खाली बसून तिनं कोपऱ्यातला लोखंडी आकडा दगडानं ठोकला. चांगला खोल ठोकला.

“सकाळी लवकर येऊन मी ही काढणार आणि जुनी घालणार,” मी म्हटलं.

“घाला. पण दुसरं टोक धरायला मला बोलवू नका.”

आता हे भांडण कसलं होतं ते सांगतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मी शिंपी. शाळा तिसरीपर्यंत. त्यातली तिसरीही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललं म्हणून. मुंबईत एका कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवत होतो, तिथून ओमानला आलो. बरक्यात एका ओमानी माणसाचं दुकान होतं, त्याला आम्ही अर्बाब म्हणायचो, म्हणजे मालक. डिशडाशा शिवायच्या. पांढरा पायघोळ झगा, तिकडचे पुरुष घालतात तो. मुलीचं लग्न लावून दिलं आणि मग बायकोला आणली. अर्बाब भला माणूस होता, त्यानं तिचे कागद करून दिले. डिशडाशाच्या गळ्याला एक छोटा गोंडा असतो, लोक त्याला अत्तर लावतात. तो गोंडा ही करायची. माझ्या शिवणीपेक्षा तिच्या गोंड्याचं नाव जास्त होतं. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, बाई आहे ना.

बरक्यात आमच्याकडची पोरं खूप. रायगड, रत्नागिरीची. कोणी मासळीबाजारात पिकअप चालवतं, कोणी शेतावर, कोणी एसी दुरुस्त करतं. हिंदूही, मुसलमानही. शुक्रवार सुट्टी. सुट्टीला झोपायचं आणि पत्ते कुटायचे, याशिवाय काही नाही. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत कुणीतरी काढलं की कबड्डी खेळू. माती नाही तर नाही, वाळू आहे. भरती जिथवर येते त्याच्या थोडं वर वाळू ओलसर आणि घट्ट असते. तिथं खेळायचं. सकाळी उजाडता सुरू करायचं आणि जुम्म्याच्या नमाजाआधी संपवायचं, कारण अर्धा संघ मशिदीत जाणार. नमाजानंतर उन्हात कुणी खेळूही शकला नसता.

रेषा कशा मारणार? चुना वाऱ्यानं उडायचा, पायानं ओढलेली रेघ पुसायची. तेव्हा मीच म्हटलं, पट्टी शिवतो. डिशडाशाच्या कापडाचे तुकडे ढिगानं पडलेले असायचे. चार बोटं रुंद दुहेरी पट्टी शिवली. चारी बाजू, मधली रेषा, सगळी टेपनं मापून. बाजूच्या पट्ट्यांवर लाल दोऱ्यानं खुणा केल्या, त्या खुणांना आडवी पट्टी बांधली की झाली निदान रेषा. ज्यांना कबड्डी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणाऱ्यानं समोरच्याच्या अंगणात जाऊन ही निदान रेषा ओलांडावीच लागते. ती न ओलांडता परत आला, तर त्याला कुणी बोटही न लावता तो बाद. हे लक्षात ठेवा.

हळूहळू गाजलं. किनाऱ्यानं पुढं सहम गाव आहे, तिथं संघ झाला, मधल्या गावांतून झाले. बातिना म्हणतात तो सगळा किनारा शुक्रवारी कबड्डी खेळायला लागला. सहमवाले आमच्याकडून पट्टी मागून घेऊन गेले, तिच्याशेजारी कापड ठेवून तशीच शिवून घेतली. बाकीच्यांनीही तेच केलं. लीग म्हणायला लागलो आम्ही त्याला. दर हिवाळ्यात मस्कतला मोठी स्पर्धा व्हायची, दार्सैत, रुवीकडचे संघ, ऑफिसातली, बँकेतली पोरं. पहिल्या एक-दोन वर्षांत आमची पोरं तिथं गेली आणि सगळ्यांना लोळवून आली. वाळूत खेळलेले पाय, त्यांना घट्ट जमीन म्हणजे खेळच. त्यानंतर मस्कतच्या कमिटीनं आमच्या किनाऱ्याला चार जागा कायमच्या दिल्या. मस्कतच्या कितीतरी संघांना आधी आपसात खेळून पात्र व्हावं लागायचं, आमचे चार सरळ आत. बातिनाची कबड्डी म्हटलं की लोक मान वर करून बघायचे. अर्बाबसुद्धा आल्यागेल्याला सांगायचा की माझा शिंपी पंच आहे. पंच मीच होतो.

मग ते वर्ष आलं.

मस्कतला एका शाळेच्या बंदिस्त हॉलमध्ये स्पर्धा होती, खाली मॅट घातलेली. आम्ही मिनीबस करून गेलो. बायकोही आली, स्टीलच्या डब्यात घावन आणि लसणीची चटणी घेऊन. बायकामुलांच्या रांगेत मागं बसली. दुपारपर्यंत आमचे चारही संघ घरी जायला मोकळे झाले. चारही. पहिल्याच फेरीत. बरक्याचा संघ तर अशा संघाकडून हरला, ज्यांचं नावही आम्ही आधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यातला एकजण चष्मा काढून खेळत होता आणि पकडीनंतर चाचपडत परत घालत होता.

हॉलच्या दारात दार्सैतचा एक माणूस मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “बातिना बातिना करत होते. फुगा होता. टाचणी लागली.”

आमचा कप्तान मासळीच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. आडदांड पोरगा. तो त्याच्या अंगावर जायला निघाला. मी त्याचा दंड धरला. परतीच्या बसमध्ये कुणाला भूक नव्हती. डबा तसाच परत आला. बायकोनं घावनं घरी आणली, ती आम्हीच दोन वेळा खाल्ली.

नंतरचे दिवस दुकानात दुसरा विषय नाही. कप्तान यायचा, शेजारचा किराणावाला यायचा. हा रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्या वयाचा, माझा खरा दोस्त. आम्ही तिघं मशीनभोवती बसून कारणं शोधायचो. मॅट घसरडी होती. हॉल बंद, दम कोंडतो. पंच त्यांचे. सकाळी लवकर उठून एवढं अंतर गेलो, पोरं बसमध्ये आखडली. चष्मेवाल्यांना घरून खेळायला यायचं होतं, पायी.

मी तावातावानं सांगायचो, “एका दिवसावरून लीगचं मोल होतं का? आम्ही वर्षभर खेळतो. एक शुक्रवार वाईट गेला म्हणजे काय सगळी वर्षं खोटी?”

“बरोबर,” किराणावाला म्हणायचा. “ईदच्या दिवशी बिर्याणी करपली म्हणून बावर्ची वाईट होत नाही.”

बायको कोपऱ्यात गोंडे करत बसलेली. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही वर्षभर खेळता कुणाबरोबर?”

“सहमबरोबर. किनाऱ्यावरच्या सगळ्यांबरोबर.”

“म्हणजे आपसातच. सहमनं तुम्हाला हरवलं की सहम मोठं. तुम्ही सहमला हरवलं की तुम्ही मोठे. असं करत सगळेच मोठे झालात. आमच्या वाडीत अशीच सोयरीक चालायची, वाडीतल्या वाडीत. तीन पिढ्यांनी सगळ्यांची नाकं सारखी. आणि प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणायचा, काय नाक आहे.”

किराणावाला पोट धरून हसला. “वहिनी, हे भारी होतं.”

कप्तान नाही हसला. मीही नाही. पोरांसमोर बायकोनं असं बोललेलं मला आवडलं नाही, मी तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “बरं. नाही बोलत.” आणि नाही बोलली. पण विचार करायची थांबली नव्हती, ते मला नंतर कळलं.

मला ती एवढंच विचारायची, “आपली पोरं बाद कशी झाली?”

“पकडली गेली.”

“सगळी नाही पकडली गेली. मी बघत होते. आपलं पोरगं आत जायचं, कबड्डी कबड्डी करत परत यायचं, कुणी हात लावलेला नाही, आणि कडेचा माणूस हात वर करायचा. एकदा नाही. चारही संघांना तसंच.”

“ते पंच त्यांचेच होते, सांगितलं ना.”

“कडेचा माणूस पायाकडं बघत होता. मीही बघितलं. आपल्या पोराचा पाय रेषेच्या अलीकडं थांबत होता. जसं काही तिथं भिंत आहे.”

मी म्हटलं, तू गोंडे कर.

पुढच्या शुक्रवारी खेळ झाल्यावर तिनं नेहमीसारखी पट्टी गोड्या पाण्यात धुतली. खारं पाणी कापड खातं, म्हणून दर वेळी धुवावी लागायची. दुकानामागं दोरीवर वाळत घातली. संध्याकाळी मी मागं गेलो तर ती पट्टी जमिनीवर पसरून गळ्यातला टेप लावत बसली होती.

“मधल्या रेषेपासून निदान रेषा मुळात किती अंतरावर ठेवली होती?”

मी सांगितलं. ते माप मी झोपेतही सांगितलं असतं.

“बघा,” ती म्हणाली आणि टेप धरला.

मी वाकून बघितलं. खूण जिथं पाहिजे तिथं नव्हती. बरीच अलीकडं होती. माझा विश्वास बसेना, मी टेप तिच्या हातातून घेतला आणि स्वतः धरला. तेच.

तुमच्यातला कुणी शिंपी असेल तर त्याला आतापर्यंत कळलं असेल. किनाऱ्यावर होड्या ओढायला पिकअप यायच्या, त्या पट्टीवरून जायच्या. शेळ्या चघळायच्या. पकडीत पोरांची टाच अडकायची. पट्टी फाटायची. फाटली की आम्ही एकावर एक टोक ठेवून शिवून टाकायचो. कधी मी, कधी ती. नवं कापड कशाला वाया घालवायचं, म्हणून. प्रत्येक जोडात थोडं कापड आत जातं. शिंप्याला हे शिकवावं लागत नाही, गिऱ्हाइकाचा झगा कापताना आम्ही शिवणीत जाणारं कापड आधी धरतो आणि मगच कात्री लावतो. पण ही पट्टी होती. पट्टी कोण घालतो अंगात. वर्षानुवर्षं जोड देत गेलो आणि मैदान शिवणीत जात गेलं. आमची पोरं त्यातच वाढली. त्यांच्या पायांना पक्कं ठाऊक झालं होतं की इतकी पावलं टाकली की रेषा ओलांडली, आता वळायचं. मस्कतला तेवढीच पावलं टाकून वळली.

आणि सगळ्या किनाऱ्यानं आमच्या पट्टीवरून माप घेतलं होतं. त्यांच्या फाटल्या तर पुन्हा आमच्याशेजारी ठेवून शिवायचे. म्हणून चारही संघ.

“यातले निम्मे जोड माझे, निम्मे तुमचे,” ती म्हणाली. “कुणाला दोष द्यायला नको. पण आता नवी शिवू.”

मी म्हटलं, शिवू की.

तिथवर भांडण नव्हतं. भांडण झालं ते मस्कतच्या निरोपानं. कमिटीची दोन माणसं एका शुक्रवारी बरक्याला येणार होती. आमचे सामने बघायला. लोकांची ओरड होती की बातिनाला चार जागा फुकटच्या दिल्यात, त्या काढून घ्या. कमिटीनं ठरवलं की जाऊन डोळ्यांनी बघू, खेळात दम असेल तर चार राहतील, नसेल तर एक.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, चारच्या जागी एक, त्यात काय. मी सांगतो काय ते. शेतावरच्या पोराला सगळं वर्ष टोमॅटो, शेळ्या आणि मालक. त्याच्याकडं मस्कतला जायचं एकच कारण होतं, ती स्पर्धा. त्यासाठी तो शुक्रवारी पहाटे उठायचा. जागा एकच राहिली तर ती बरक्याला किंवा सहमला जाणार. बाकीच्या गावांतले संघ एका वर्षात मोडले असते. मोडलेला संघ परत उभा राहत नाही. पोरं पुन्हा पत्त्यांवर.

कप्तान दुकानात आला आणि दार लोटून घेतलं. पट्टीचं त्याला आणि किराणावाल्याला आम्ही सांगितलेलं होतं, बाकी पोरांना नाही. म्हणाला, “काका, त्या दिवसापुरती जुनीच राहू दे. छोट्या मैदानात आपली पोरं वाघ आहेत. पकडी बसतात, चढाया जातात. बघणाऱ्याला दिसेल काय खेळतात ते. जागा राहिल्या की दुसऱ्या शुक्रवारी नवी घालू. मग शिकू सावकाश.”

किराणावाला म्हणाला, “नव्या पट्टीवर परवा उभी केली तर पोरं पहिल्याच चढाईला बाद होतील. पाहुण्यांसमोर. खलास.”

मला पटलं. आजही सांगतो, मला पटलं होतं. आम्ही कुणाच्या खिशात हात घालत नव्हतो. वर्षानुवर्षं त्याच पट्टीवर खेळलो, आणखी एक दिवस खेळलो असतो.

बायकोला पटलं नाही. तिनं तोवर नवी पट्टी शिवायला घेतली होती. कापड बादलीत भिजवलं, उन्हात वाळवलं, इस्त्री मारली, मग कापलं. आटायचं ते आधीच आटू दे म्हणाली. तुकड्यांची नाही, थानातून कापलेली, आमच्या पैशाचं थान. लाल दोऱ्याच्या खुणा करताना मला टेपचं एक टोक धरायला बसवलं. मी धरलं आणि बसल्या बसल्या बोलत राहिलो.

“त्या पोरांचं नुकसान होईल.”

“झालंय ते. मस्कतला झालं. तेव्हा लोकांसमोर फुगा म्हणवून घेतलं त्यांनी, आणि त्यांना कळलंही नाही का हरलो ते. अजून त्यांना वाटतंय पंच चोर.”

“जागा गेल्या तर?”

“आपल्या असतील तर परत येतील.”

“आणि नसतील तर?”

तिनं दोरा दातानं तोडला. “नसतील तर आपल्या नव्हत्याच. उगाच कशाला धरून बसायचं.”

गुरुवारी किनाऱ्यावर निघताना तिनं नवी पट्टी काखेत घेतली. मी तिच्या डोळ्यांदेखत जुनी पट्टी गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. तिनं बघितलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, “येताना भाजीवाल्याकडं थांबा, कोथिंबीर संपलीय.”

आणि आम्ही पट्टी अंथरली. ते वर सांगितलंच. नवं मैदान वाळूवर पसरलं तेव्हा मला ते अवाढव्य वाटलं. एवढं मोठं मैदान आम्ही कधी बघितलंच नव्हतं असं. ती समुद्राकडच्या कोपऱ्यात उभी राहून चौकोनाकडं बघत होती, कंबरेवर हात, ओढणी वाऱ्यानं डोक्यावरून घसरलेली.

“बघा कसं दिसतंय,” म्हणाली. “तुमच्या पोरांना आता धावावं लागेल.”

“सकाळी काढणार आहे मी ते.”

“ऐकलं मघाशी.”

येताना कोथिंबीर घेतली. घरी आल्यावर तिनं तांदूळ धुतले, भात लावला. मी बाहेर ओट्यावर बसून चप्पल झाडत होतो. आतून म्हणाली, “अहो, जरा बघा, मला कसंतरी होतंय.” मी आत गेलो तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, चेहरा घामानं भिजलेला, हात छातीवर. म्हणाली गॅस बंद करा. मी गॅस बंद केला. किराणावाल्याला हाक मारली, तो म्हणाला तू गाडी चालवू नको, त्यानं कप्तानाला बोलावलं, कप्तानाच्या पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलमध्ये नेली. पिकअपला मासळीचा वास होता. ती वाटेत म्हणाली, “वास येतोय.” तेच शेवटचं बोलली. ईशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, बांग होत होती तेव्हा डॉक्टर बाहेर आले. डॉक्टर केरळचे होते, हिंदीत बोलले, हळू बोलले. बाकीचं मी सांगत नाही.

पुढचंही थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे कुणी त्यासाठी वाचत राहायला नको. मुलीला फोन केला. ती रडत होती, मी ऐकत होतो. शुक्रवारी सगळी ऑफिसं बंद, शनिवारशिवाय कागद हलणार नव्हता. अर्बाब स्वतः आला आणि म्हणाला सगळं मी करतो, आणि त्यानं केलं. दहन तिकडंच झालं. आमच्या चार जागांतल्या तीन गेल्या. एक राहिली. किनाऱ्यावरचे दोन संघ मोडले, त्यातली पोरं मी नंतर कुठं पाहिली नाहीत. काही वर्षांनी दुसरी जागा परत मिळाली, ती खेळून मिळवली, आपसात पात्रता खेळून, मस्कतवाल्यांसारखी. चार परत कधी झाल्या नाहीत. मी असेपर्यंत तरी नाही. आमची लीग फुगलेली होती का, असं मला कुणी विचारलं तर मी हो म्हणतो. होती. पण सगळीच हवा नव्हती. थोडी पोरं खरोखर चांगली होती, ती चांगलीच राहिली. किती हवा आणि किती पोरं, हे आम्हाला कळायला ती पट्टी लागली.

आता त्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

घरात बसवेना. शेजारणी आल्या होत्या, किराणावाल्याची बायको चहा घेऊन आली होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर भाताचं भांडं तसंच होतं, कोथिंबीर पिशवीत होती. हॉस्पिटलमध्ये एवढ्या सकाळी तिला बघू देणार नव्हते, थोडं उशिरा या म्हणाले. मी गाडी काढली. कुठं जातोय हे ठरवलं नव्हतं, पण गाडी किनाऱ्याला गेली.

उजाडत होतं. कुणी आलेलं नव्हतं. पाण्यात दोन होड्या. मैदान रात्रभर वाऱ्यात राहिलं होतं. माझ्या बाजूचे आकडे मी घाईत, भांडत भांडत ठोकलेले, ते सुटले होते आणि पट्टी नागमोडी होऊन पडली होती, तिच्यावर वाळू चढली होती. समुद्राकडचा कोपरा मात्र होता तसा. तिनं ठोकलेला आकडा जागचा हलला नव्हता. मी ओढून बघितला, निघाला नाही.

मागच्या सीटवर जुनी पट्टी होती. मी गाडीकडं गेलो, दार उघडलं, ती बघितली. एकट्यानंही घालता आली असती. एक टोक आकड्याला अडकवून दुसरीकडं चालत जायचं, वेळ लागला असता एवढंच. आणि पाहुणे यायला अजून वेळ होता. मी दार लावलं. गाडीत टेप असतोच, तो घेतला.

तिचा कोपरा धरून बाकीचे तीन सरळ केले. पट्टी झटकली, ओढली, आकडे पुन्हा ठोकले, या वेळी खोल. ओढायला कुणी सांगत नव्हतं, तरी ओढली. निदान रेषा टेपनं मापली. दोन्हीकडं बरोबर होती.

कप्तान आणि पोरं आली तेव्हा मी शेवटचा आकडा ठोकत होतो. त्यांना कळलेलं होतं. सगळी लांब उभी राहिली. कप्तान एकटा जवळ आला. त्यानं पट्टीकडं बघितलं, खुणांकडं बघितलं, आणि त्याला कळलं कुठली आहे ती.

“काका, आज नको,” तो म्हणाला. “पाहुण्यांना सांगतो मी, पुढच्या शुक्रवारी या. ते समजून घेतील.”

“पट्टी अंथरलीय,” मी म्हटलं. “तुझ्या काकीनं अंथरलीय. खेळा.”

“आणि पंच?”

किराणावाला मागून आला होता, जुम्म्याचे कपडे घालून. मी गाडीतली शिट्टी आणून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, “मला जमेल का?”

“पायाकडं बघ,” मी म्हटलं. “रेषेच्या अलीकडून वळला तर बाद. आपला असला तरी.”

त्यानं मान हलवली. मी गाडीत जाऊन बसलो, पण लगेच निघालो नाही. काच खाली होती. पाहुणे आले, कुणीतरी त्यांना खुर्च्या दिल्या, कप्तान त्यांच्याशी वाकून काही बोलला आणि त्या दोघांनी माझ्या गाडीकडं वळून बघितलं. मग आमचं पोरगं चढाईला गेलं. लहानसर, चपळ पोरगं, शेतावर काम करायचं. कबड्डी कबड्डी ऐकू येत होतं. गेलं, हुलकावणी दिली, कुणी हात लावू शकला नाही, आणि नेहमीच्या जागी वळून परत आलं.

शिट्टी वाजली. किराणावाल्यानं हात वर केला.

पोरगं थांबलं. त्यानं खाली पट्टीकडं बघितलं, मग किराणावाल्याकडं. कुणी वाद घातला नाही. ते मैदानाबाहेर येऊन कडेला उकिडवं बसलं. मी गाडी सुरू केली आणि हॉस्पिटलकडं गेलो.